पन्नास किलो

नोकरीच्या तीस-बत्तीस वर्षांत मी किती माणसांची वजनं लिहिली याची मोजदाद नाही. त्यातलं एकच मी खोटं लिहिलं, आणि ते माझ्या सासूचं होतं. कुणाला सांगितलं तर आधी हसतात. सासूचं वजन चार किलो इकडंतिकडं झालं तर काय आभाळ कोसळलं, म्हणतात. चार नाही, बारा किलो होतं ते. आणि आभाळ कोसळायला अगदी थोडकं राहिलं होतं.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होते. माहेर माझं नांदूरघाटाकडचं, नर्सिंगचं शिक्षण अंबाजोगाईचं. दवाखाना कसला, तीन खोल्या. एकीत डॉक्टरांचं टेबल, एकीत दोन खाटा, एकीत ड्रेसिंगचं सामान. हंगाम चालू असला की दिवसाआड कुणाला ना कुणाला कोयता लागायचा. कुणाची पोटरी, कुणाचा अंगठा. मग ती जागा इंजेक्शननं बधिर करायची, टाके घालायचे, पट्टी बांधायची. इंजेक्शन डॉक्टर द्यायचे. सिरिंज भरून देणं आणि पेशंटकडं बघत राहणं हे माझं काम.

ऐकायला सोपं वाटतं. दवाखान्यात बघत राहण्याइतकं अवघड काम दुसरं नाही, बरं का! अंबाजोगाईला आम्हाला शिकवायला एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि जिभेला धार. त्या म्हणायच्या, बधिर करायचं औषध जखमेच्या जागी राहिलं तर गुणाचं, रक्तात जास्त गेलं तर मेंदूवर आणि काळजावर जातं. सुई टोचली की आधी दट्ट्या मागं ओढून बघायचं, रक्त आलं तर जागा बदलायची. डोस माणसाच्या वजनावर ठरवायचा, जखमेच्या लांबीवर नाही. आणि पेशंटशी बोलत राहायचं. "ओठ चुरचुरतात का विचारा. जीभ जड पडली का विचारा. तोंडाला लोखंडाची चव येते का, कानात काही वाजतं का, विचारत राहा. बडबड्या माणूस गप्प झाला तर घाबरा. गप्प माणूस बडबडायला लागला तर त्याहून जास्त घाबरा." आम्ही पोरी होस्टेलवर त्यांची नक्कल करायचो आणि पोट धरून हसायचो.

तर त्या सालची गोष्ट. लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. ऊसच नाही तर गाळप कशाचं करणार? कारखाना पेटलाच नाही. दर पाळीला वाजणारा भोंगा बंद पडला. आमच्या कॉलनीतल्या बायका दुपारच्या भोंग्यावर जेवणाची ताटं वाढायच्या, त्यांना वेळच कळेनाशी झाली. ज्या आवारात उसाच्या ट्रका आणि बैलगाड्या रांगा लावून उभ्या राहायच्या, तिथं संचालक मंडळानं जनावरांची छावणी उघडली. आसपासच्या गावांतली माणसं गुरंढोरं घेऊन आली आणि पालं ठोकून तिथंच राहिली. पाणी टँकरचं, चारा ट्रकमधून येईल तेव्हा. सगळीकडं शेणाचा आणि कडब्याचा वास, आणि दिवसभर हंबरणं.

माझी सासूही आली. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. एक बैलजोडी आणि एक गाभण गाय घेऊन ती सात-आठ मैल चालत आली. माझं क्वार्टर छावणीपासून हाकेवर, पण ती घरी झोपायला तयार नाही. "जनावरं परक्या जागी बुजत्यात," एवढंच म्हणाली आणि गाईशेजारी पाल टाकून राहिली. मी सकाळ-संध्याकाळ डबा पाठवायचे. डबा रिकामा परत यायचा. तेवढ्यावर मी समाधान मानत होते.

आत्याबाई बोलायची कमी. लग्नाला आठ वर्षं झाली होती, आठ वर्षांत तिच्या तोंडून मी "हाय", "न्हाई" आणि "ठिव तिथं" यापलीकडं फार काही ऐकलं नव्हतं. मला नावानं नाही की बाई-माय म्हणून नाही, "नरसबाई" म्हणायची. तेही चारचौघांत, मोठ्यानं. मला ते टोचायचं. मी सुया टोचते म्हणून ही मला शब्द टोचते, असं मी नवऱ्याला म्हणायचे. तो म्हणायचा, "तिला कशाचंच कौतुक जमत न्हाई गं." आत्याबाईच्या तोंडात सदा मिश्री. सकाळी दातांना लावली की दुपारपर्यंत ओठाखाली असायचीच.

दुष्काळात ती वाळली होती. हे मला दिसत होतं, आंधळी नव्हते मी. हातातल्या बांगड्या मनगटावर न राहता कोपरापर्यंत जायच्या. पण मला दिसलं तसं लोकांनाही दिसलं. तिच्या शेजारच्या पालात एक बाई होती. घसा मोठा, मन कसं ते देवाला ठाऊक. एकदा मी टँकरच्या रांगेशेजारून चालले होते, तर ती दुसरीला सांगत होती, "सून पगारदार, आन् सासूच्या बांगड्या बघ कुठवर चढत्यात. खाऊ घालती का नुसता डबा दावती, कुनाला ठावं?"

माझ्या अंगाची आग झाली. तोंडावर येऊन बोलली असती तर मीही सोडली नसती. पण आमच्याकडं असलं कुणी तोंडावर बोलत नाही. सासू वाळली की बोट सुनेकडं जातं, मग पाऊस पडो न पडो. ती गोष्ट मी मनात धरून ठेवली, आणि तीच पुढं नडली.

एका दुपारी आरडाओरडा ऐकू आला. चाऱ्याची गाडी आली होती. पेंढी सोडताना आमच्या बैलानं हावरटपणानं मान फिरवली आणि शिंग आत्याबाईच्या उजव्या हातात घुसलं. शेजारच्या पालातली तीच बाई तिला धरून घेऊन आली. लुगड्याचा पदर हाताला गुंडाळलेला, रक्तानं भिजलेला. मी पदर सोडला. मनगटाच्या वरपासून कोपरापर्यंत चर पडला होता, आणि दंडावर आणखी एक फाटलेली जखम.

"लई दुखतंय का, आत्याबाई?"

"न्हाई," ती म्हणाली. चेहरा पांढरा पडला होता तरी.

डॉक्टर आत आले. तरुण होते, बीडचे, घरचा फळांचा धंदा. लहानपणापासून वडलांच्या तागडीशेजारी बसलेले, त्यामुळं वजनाच्या बाबतीत मोठे काटेकोर. जखम बघितली, बोटं हलतात का, संवेदना आहे का तपासलं, आधी कधी कसल्या औषधाचा त्रास झालाय का विचारलं. मग हात धुता धुता म्हणाले, "सिस्टर, वजन घ्या."

वजनकाटा दवाखान्यात नव्हता. छावणीत पेंड वाटण्यावरून भांडणं लागली होती, म्हणून छावणीवाल्यांनी आमचा उभं राहायचा काटा उचलून नेला होता. चार दिवस माझा काटा पेंडीची पोती तोलत होता. मी तसं सांगितलं.

"मग आणायला पाठवा."

"सर, रक्त जातंय. आणि सासूबाईच आहेत माझ्या. मला माहीत आहे वजन."

"किती?"

दारात ती शेजारीण उभी होती. पदराला रक्त पुसत, कान इकडं.

त्या एका क्षणात माझ्या मनात काय काय आलं, खोटं कशाला सांगू? चाळीसच्या आत असेल हे मला कळत होतं. रोज माणसं उचलणारा हात आहे माझा, खाटेवर घेतानाच कळलं होतं की ही पोरीएवढी हलकी झाली आहे. पण चाळीसच्या आत म्हटलं असतं तर तो आकडा मिश्रीच्या डबीबरोबर साऱ्या छावणीत फिरला असता. दोन वर्षांपूर्वी, बाजरी चांगली झाली होती तेव्हा, मीच तिला एकदा काट्यावर उभी केली होती. तेव्हाचा आकडा माझ्या तोंडातून निघून गेला.

"पन्नास."

डॉक्टरांनी आत्याबाईकडं एकदा बघितलं. "पन्नास? वाटत नाहीत."

"हाडापेरानं बारीक आहेत."

सून सांगते म्हटल्यावर त्यांनी पुढं ताणलं नाही. मी केसपेपरवर लिहिलं, पन्नास किलो. अक्षरसुद्धा चांगलं काढलं.

आधी टेस्ट डोस दिला, कातडीखाली थेंबभर. गांध आली नाही. त्यानं मी उगाच निर्धास्त झाले. वास्तविक टेस्टनं कळलं तर एवढंच कळतं की औषध अंगाला सोसतं. किती सोसतं ते टेस्ट सांगत नाही. हे मला येत होतं, परीक्षेत लिहून मार्क घेतले होते मी!

डॉक्टरांनी जखमेच्या कडेकडेनं औषध सोडायला सुरुवात केली. दर वेळी दट्ट्या मागं ओढून बघत होते, त्यांच्या हाताला नाव ठेवायला जागा नव्हती. पाच मिली संपलं. खालचे टाके सुरू झाले. कोपराजवळ आल्यावर आत्याबाईनं ओठ दाबले, आणखी तीन भरून दिलं. मग दंडाची जखम राहिली.

"सिस्टर, अजून दोन चालेल ना? पन्नासचा हिशेब धरला तर बसतं."

ही माझी दुसरी संधी होती. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, सर, थांबा, पन्नास नाही. पण धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी माझी गत. आता कबूल केलं तर मघाशी खोटं का बोललात म्हणतील. दारातली बाई अजून हलली नव्हती. आणि मनात एक हरामखोर विचार असा की, दोन मिलीनं काय होतंय?

"बसतं, सर," मी म्हणाले.

मी सिरिंज भरून दिली. ते औषध आत गेलं आणि मी घड्याळाकडं बघायला लागले. असं एरवी मी कधी घड्याळ बघत नसे. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं जाऊ दे देवा, म्हणत होते. डॉक्टर खाली मान घालून टाके घालत होते. मी डोक्याशी उभी राहिले, दुसऱ्या हाताची नाडी धरून.

"आत्याबाई, बरं वाटतंय ना?"

"बरं हाय."

"ओठ, जीभ चुरचुरतेय का?"

तिनं जीभ ओठांवरून फिरवली. "चुरचुरती वाईच. मिश्रीनं व्हतंय."

मिश्री! मी एकदम सुटकेचा श्वास टाकला. खरंच की, ओठाखाली काळी रेघ दिसत होती. खरं तर तिचं तोंड धुवायलाच हवं होतं. दुसरा कुणी पेशंट असता तर मी बोट घालून तोंड साफ केलं असतं आणि वर चार शब्द सुनावले असते. पण सासूला, परक्या पुरुषापुढं, "तोंड उघडा, थुंका," असं कसं म्हणायचं? मिश्री काय आज लावत होती का ती? पन्नास वर्षं लावत होती, आणि पन्नास वर्षांत कधी चुरचुरली नव्हती. हा विचार मला तेव्हा सुचला नाही. नको असलेला विचार सुचत नसतो माणसाला.

मग ती बोलायला लागली.

"माय," ती म्हणाली.

मी इकडंतिकडं बघितलं. मला म्हणत होती. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"माय, तुजी भाकर लई मऊ असती गं. पर म्या न्हाई खाल्ली."

"म्हणजे?"

"गाईला घातली. ती दोन जिवांची हाय, तिला नुसत्या कडब्यावर कसं व्हईल? म्या एक चतकोर खायचे, बाकीची तिला. तू रागवशील म्हून बोल्ले न्हाई." आणि हसली. मी तिचे दात पहिल्यांदा नीट बघितले. "आन् तुला नरसबाई म्हंते ना म्या, तुला राग येतो, मला ठावं हाय. येडी हायस. आमच्या सात पिढ्यांत कुनी नरसबाई झाली व्हती का? आं? लोकांला आयकू जावं म्हून वरडून म्हंते."

माझे डोळे भरून आले. काय सांगू तुम्हाला, मी नाडी धरली होती ती बोटं तशीच राहिली आणि मोजायचं विसरले. नाडी जलद झाली होती. शब्द एकमेकांवर चढत होते, जीभ जडावली होती. हे सगळं मला दिसत होतं आणि मी ते बघत नव्हते. मला वाटत होतं, बोल बाई, अजून बोल, आठ वर्षं थांबले मी ह्याच्यासाठी. त्या म्हाताऱ्या सिस्टर समोर असत्या तर माझ्या कानाखाली वाजवली असती. गप्प माणूस बडबडत होता आणि मी पदरानं डोळे पुसत होते.

"भोंगा झाला जनू," आत्याबाई म्हणाली. "जेवाया जा तू."

"कुठला भोंगा, आत्याबाई?"

"ह्यो काय, वाजतोय की. लईच वाजतोय आज. कावून एवढा वाजतोय?"

भोंगा बंद होऊन वर्ष होत आलं होतं.

"सर, थांबा! कानात वाजतंय त्यांच्या!"

डॉक्टरांनी सुई बाजूला केली आणि वर बघितलं. तेवढ्यात तिच्या ओठाचा एक कोपरा फडफडायला लागला, मग गाल, मग पापणी. "माय" म्हणायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं, डोळे वर गेले आणि सगळं अंग ताठ होऊन झटके द्यायला लागलं. लोखंडी खाट खडखड वाजायला लागली.

"वजन पन्नास नाही!" मी ओरडले. "सर, मी खोटं सांगितलं. चाळीसच्या आत आहे!"

दारातल्या बाईनं ऐकलं, व्हरांड्यातल्यांनी ऐकलं. ऐकू देत मेल्यांना! त्या वेळी साऱ्या तालुक्यानं ऐकलं असतं तरी मला फिकीर नव्हती.

डॉक्टरांनी तिला कुशीवर केलं, हनुवटी उचलून धरली, मी बोटानं ती मिश्री आणि लाळ तोंडाच्या कडेची पुसून घेतली. ऑक्सिजनचा मास्क लावला. "शीर धरा," ते म्हणाले. शीर आधीच धरून ठेवायची असते, टाक्यांना कोण धरतंय म्हणून मी धरली नव्हती. आता धरायला गेले तर शीर सापडेना. पाणी पुरवून पुरवून प्यायलेलं शरीर ते, शिरा आत दडून बसलेल्या, त्यात हात झटके खातोय. कॉलनीत माझ्या हाताचं नाव होतं, पोरांची शीरसुद्धा एका टोचणीत मिळते म्हणायचे. पहिली टोचणी वाया गेली. दुसरी वाया गेली. माझ्या तोंडातून नुसतं "आत्याबाई, आत्याबाई" निघत होतं. ही मेली तर मी मारली, दुसऱ्या कुणी नाही. नवऱ्याला काय सांगू? तुझ्या आईचं वजन सांगायची लाज वाटली, म्हणून?

तिसऱ्या वेळी सुईत रक्त दिसलं. डॉक्टरांनी झटके थांबवायचं इंजेक्शन हळूहळू सोडलं, सोडताना नजर तिच्या छातीवर. मी फुगा तयार धरला होता, श्वास थांबला तर दाबायला. झटके कमी झाले. मग थांबले. आणि नंतर जी शांतता झाली ती झटक्यांपेक्षा भयंकर होती. छाती हलतेय की नाही कळेना. मी तिच्या नाकाशी गाल नेला. मिश्रीचा वास आला, आणि पाठोपाठ कोमट श्वास.

त्यानंतर दोन तास मी तिचा हात सोडला नाही. नाडी, रक्तदाब, श्वास, परत नाडी. डॉक्टर म्हणत होते की मेंदूवरून उतरलं तरी काळजाचं सांगता येत नाही, ठोका चुकतोय का बघत राहा. मी बघत राहिले. खिडकीतून उन्हं उतरताना दिसली, बाहेर गुरं पाण्यासाठी ओरडत होती. जीप तयार ठेवली होती, गरज पडली तर अंबाजोगाईला न्यायची म्हणून. ठोका चुकला नाही. उन्हं उतरल्यावर तिनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली, "गाईला पानी दावलं का?"

मी रडले ते डॉक्टरांना दिसू नये म्हणून ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन रडले. ते पाठोपाठ आले. मला वाटलं आता नोकरी गेली.

"सिस्टर," ते म्हणाले, "मी फळवाल्याचा मुलगा. डोळ्यांना दिसत होतं की ही बाई पन्नासची नाही, तरी मी कानावर विश्वास ठेवला. अर्धी चूक माझी. तुमच्या अर्धीचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण उद्या सकाळी काटा इथं पाहिजे, आणि केसपेपरवर खरं वजन पाहिजे. तुमच्या हातानं." मोठ्यानं बोलले असते तर बरं झालं असतं.

सकाळी मी स्वतः छावणीत गेले आणि पेंडीचं पोतं खाली ढकलून काटा घेऊन आले. छावणीवाला काही बोलायला लागला तर त्याच्याकडं असं बघितलं की त्याचं तोंड मिटलं. काटा धुतला, शून्यावर आणला. आत्याबाई रात्रभर झोपली होती, आता नेहमीसारखी गप्प होती. कालचं तिला काही आठवत होतं की नाही, मला कळत नव्हतं. मी विचारलं नाही. ते बोलणं तिचं होतं की औषधाचं, हा किडा रात्रभर माझं डोकं पोखरत होता, आणि उत्तर ऐकायची मला भीती वाटत होती.

ती काट्यावर उभी राहिली, बांधलेला हात छातीशी धरून. काटा थरथरून थांबला.

"किती?" तिनं विचारलं.

"अडतीस."

ती काट्यावरून उतरली नाही. दाराकडं बघितलं. बाहेर बाकड्यावर चार-दोन बाया बसल्या होत्या, त्यात ती शेजारीणही. मग माझ्याकडं न बघता, आवाज खाली आणून म्हणाली, "पन्नासच लिव्ह."

"आत्याबाई, असं लिहिता येत नाही."

"लिव्ह म्हंते ना. लोक तुला नावं ठिवत्याल."

औषध केव्हाच उतरलं होतं. नाडी मी दहा मिनिटांपूर्वी मोजली होती, चांगली होती.

मी केसपेपर घेतला, पन्नासवर आडवी रेघ मारली आणि शेजारी अडतीस लिहिलं. खाली सही केली. आत्याबाईला वाचता येत नव्हतं. ती माझ्या हाताकडं बघत होती.

"लिव्हलं का पन्नास?"

"लिहिलं, आत्याबाई."

ती उतरली आणि बाहेर गेली. शेजारणीनं विचारलंच, "किती भरलं गं?"

"पन्नास," आत्याबाई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आमची नरसबाई खाऊ घालती."

त्या बाईनं काल माझं ओरडणं शब्दन् शब्द ऐकलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग आत्याबाईच्या कोपरापर्यंत चढलेल्या बांगड्यांकडं. "तर!" ती म्हणाली. "दिसतंयच की अंगावर."

संध्याकाळी मी डबा पाठवला नाही, स्वतः घेऊन गेले. पालासमोर बसले, डबा उघडून तिच्यापुढं ठेवला आणि पहिली भाकरी संपेपर्यंत हलले नाही. गाईनं मान लांब केली, तसं उठून मी तिचं दावं आखूड करून बांधलं.